झावळीची सावली

वैतरणा नदी जेथे समुद्रास मिळते, त्या मुखावरील दातिवरे गावासारख्या ठिकाणी भाताची कापणी आटोपल्यावर टोमॅटोचा वाफा धरणाऱ्या बागायतदारास दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते : ऊन आणि खारा वारा. झावळ्यांच्या सावलीत वाढलेली पोपटी, लवदार रोपे पंचवीस-तीस दिवसांची झाली, तरी सुज्ञ माणूस ती एकाएकी उघड्या शेतात धाडीत नाही. आठ-दहा दिवस आधीपासून तो हळूहळू पाणी तोडतो. झावळी प्रथम सकाळी तासभर, पुढे दोन प्रहरांपर्यंत आणि अखेरीस दिवसभर बाजूस ठेवतो. दुपारी पाने मलूल होतात, तिन्हीसांजेस पुन्हा ताठ उभी राहतात. या अवधीत पानांवरचे मेणाचे आवरण दाट होते, वाऱ्याने हेलकावणारे खोड बुटके पण जाड होते आणि त्यावर जांभळट छटा चढते.

हे दृश्य पाहून प्रवचनकारास दृष्टान्त सुचला नाही तरच नवल. परमेश्वर हा माळी, आपण रोपे, आणि दुःख म्हणजे त्याने आपल्या कल्याणार्थ पाडलेले ऊन, असा सिद्धान्त क्षणार्धात उभा राहतो. आणि मलाही तो पुष्कळ दिवस पटत असे. परंतु त्याच वाफ्याची जबानी नीट घेतली, तर ती या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते. सावली एका दिवसात काढली, तर पाने करपून पांढरी पडतात. पाण्याचा ताण मुदतीबाहेर लांबला, तर खोड निबर होऊन रोपाची वाढ कायमची खुंटते. कणखरपणा उन्हाच्या अंगी असता, तर अधिक उन्हाने अधिक कणखर रोप निपजले असते. तो येतो प्रमाणातून, मुदतीतून, आणि सायंकाळी झावळी पुन्हा घालणाऱ्या हातातून.

आपल्या शास्त्रकारांस हा विवेक होता. वेदान्ताने तितिक्षा, दुःख शांतपणे सोसण्याची वृत्ती, साधकाच्या षट्संपत्तीत गणली. म्हणजे ती मोक्षाची इच्छा धरणाऱ्याने स्वतः अंगीकारावयाची आहे, इतरांवर बजावावयाचे ते फर्मान नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ आग्रहाने देहास पीडा देऊन, अथवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस ठरविले आहे. गौतम बुद्धानेही देह झिजविणारी तपश्चर्या करून पाहिली आणि ती सोडून मध्यम मार्ग धरला.

मग ज्या घरचा कर्ता समुद्रावर गेला तो परतलाच नाही, त्या घरास ‘ही देवाची परीक्षा’ असे सांगण्याचा अधिकार कोणाचा? त्या दुःखाला मोजमाप नाही आणि मुदतही नाही. ते का आले, या प्रश्नाचे उत्तर वाफ्यापाशी नाही, आणि माझ्यापाशीही नाही. वाफा एवढेच दाखवितो की ज्याला रोप जगवावयाचे असते, तो ऊन किती हितकारक आहे यावर व्याख्यान देत बसत नाही. दिवस कलण्यापूर्वी तो वाफ्याशी हजर असतो. म्हणून वाचकहो, शोकाकुल माणसाच्या दारी जाताना सिद्धान्त घरी ठेवावा आणि झावळी बरोबर न्यावी.