सीमा, सारा आणि धानाची बांधी

जमिनीसाठी लढणे माणसाच्या रक्तातच आहे, असे म्हणणाऱ्याला भंडारा जिल्ह्यात पुराव्यांची वाण पडणार नाही. पवनीला जुना तट आणि खंदक आहे, तुमसरजवळ आंबागडचा किल्ला. देवगडच्या गोंड राजांकडून अठराव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा शब्द चालू लागला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि राज्यच खालसा झाले. पण या सगळ्यांनी जिंकले काय? कोहळी समाजाने बांधलेली तळी आणि त्यांवर पिकणारी धानाची बांधी जागची हलली नाहीत, कसणारे हातही बहुधा तेच राहिले. बदलला तो सारा कोणाच्या खजिन्यात जायचा एवढाच हिशेब. म्हणून मला वाटते, माणूस भूमीसाठी नव्हे, भूमीवरच्या वसुलीसाठी लढत आला आहे. स्वभाव बदलता येत नाही. वसुलीची व्यवस्था मात्र बदलता येते.

पुढचा इतिहास हेच सांगतो. १९५६ साली भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९९९ मध्ये त्यातून गोंदिया वेगळा झाला. सीमा तीनदा हलली, पण भंडाऱ्यावरून फौजा भिडल्या नाहीत. त्याच काळात संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसे हुतात्मा झाली, कारण मराठी माणसाला नाकारली जात होती ती मुंबई, जिथे देशाचा व्यापार आणि भांडवल एकवटले होते. ही एकाच देशातली वाटणी होती, सार्वभौम राष्ट्रांचे तसे नसते, हा आक्षेप वजनदार आहे. तरी १९०५ मध्ये दोन्हीकडे सैन्य सज्ज असताना नॉर्वे स्वीडनपासून लढाईविना वेगळा झाला. त्याचा खजिना आधीच स्वतंत्र होता.

खरी जमीन या जिल्ह्यात गेली ती शांततेच्या काळात. १९८८ मध्ये पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि वैनगंगाकाठची गावे बुडिताखाली आली. सिंचन आणि आक्रमण एका मापाने मोजू नये, हे मला मान्य आहे. ओलिताची गरज खरी आहे आणि धरण लुटीसाठी बांधलेले नाही. पण भोसल्यांच्या स्वारीनंतर शेतकरी आपल्याच बांधीत उभा राहू शकत होता, प्रकल्पग्रस्ताची बांधीच पाण्याखाली गेली. त्याच्या जमिनीचे काय करायचे ते ठरवताना त्याच्या नकाराला काही किंमत होती का, हे विचारल्याशिवाय भूमीच्या संघर्षाचा इतिहास केवळ राजांच्या लढायांनी पुरा होत नाही.