मृत्युपत्र आणि विवेक

वसईच्या वाड्यांत पूर्वी वारसा म्हणजे विहीर, केळीची बाग आणि वडिलोपार्जित घर. मुलगे जमीन कसत. मुली हक्कसोडपत्रावर सही करून माहेर राखीत. आज त्यातील कितीतरी जमिनींवर इमारती उभ्या आहेत. पैसा कसावा लागत नाही. मग जुन्या वाटणीला आधार कोणता?

मृत्युपत्र नसल्यास भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती पित्याच्या विधवेला एक तृतीयांश, आणि उर्वरित भाग मुलामुलींना समान मिळतो. मृत्युपत्र करणाऱ्याला मात्र कोणासही वगळण्याची मुभा आहे. म्हणजे पिता मौन राहिला तर कन्येला न्याय मिळतो. त्याने लेखणी उचलली तर तो हिरावलाही जाऊ शकतो!

कायद्याची मुभा म्हणजे सदसद्विवेकाची अनुमती नव्हे. ज्या अपत्याने आईवडिलांची शुश्रूषा केली त्याला अधिक देणे न्याय्य ठरेल. तेथे ऋण आहे. केवळ मुलगी म्हणून वगळण्यामागे रूढीच आहे. वाटणी मागणाऱ्या भावाला प्रभू येशूने लोभापासून सावध केले, ते उगाच नव्हे.

वाचकहो, दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र अवश्य करावे. परंतु प्रत्येक वाट्याचे कारण त्या त्या अपत्याला तोंडावर सांगता येईल का, हे आधी तपासावे. जे सांगता येत नाही, ते लिहू नये.