फळाची आशा कोणी सोडायची?

आजीबाईचा अंगठा कष्टानं झिजलेला. यंत्र तो ओळखत नाही. बँक मित्र तिचं बोट पुसतो, दुसरं लावायला सांगतो, पावती येईपर्यंत नात कितवीत आहे तेही विचारतो. पासबुकावर नाव बँकेचं, पण हा माणूस बँकेचा नोकर नव्हे, बँकेच्या वतीनं गावात व्यवहार करून देणारा प्रतिनिधी. रिझर्व्ह बँकेनं 2006 मध्ये या व्यवस्थेला परवानगी दिली, 2014 च्या जनधन योजनेनं ती गावोगाव नेली. कमाई मुख्यतः कमिशनवर.

कायम कर्मचाऱ्याला बढती असते, प्रशिक्षण असतं. याच्या गुणांची नोंद बहुधा कुठेच होत नाही, आणि ती मागता येते हेही त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

अशा वेळी गीता हमखास पुढे केली जाते: काम करा, फळाकडे पाहू नका. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हापासून कर्मयोग मराठी घरात मुरलेला आहे. पण फलाशेचा त्याग ज्याचा त्यानं करायचा. काम देणाऱ्यानं तो परस्पर जाहीर केला, तर ती निव्वळ काटकसर झाली. (कमिशन थकलं की उपदेशाला जोर चढतो, तो वेगळाच.)

गुण कोणी ओळखले, तरी दार उघडतंच असं नाही. संत चोखोबांचा अधिकार नामदेवांनी ओळखला, तरी देवळाचं दार बंदच राहिलं. मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडून ते गेले, असं परंपरा सांगते. पंढरपूरच्या महाद्वाराशी जागा मिळाली ती मरणानंतर.

बँक मित्रासाठी आता प्रमाणपत्र परीक्षाही आहे. पास झाल्यावर पुढची पायरी कोणती, हे मात्र बँकांनी अजून ठरवायचं आहे.