शेंडेनक्षत्र आणि निकाहची तारीख



२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिमेच्या आकाशात एक धूमकेतू दिसत होता. मी त्या दिवसांत रत्नागिरीत होतो. आकाशनिरीक्षणाचा आणि छायाचित्रणाचा छंद मला जुना आहे. त्यामुळे नात्यातील एका घरून बोलावणे आले, तेव्हा धूमकेतू पाहण्यासाठीच बोलावले असावे असे वाटले. घरात चर्चा मात्र निराळीच होती. मुलीचा निकाह आठवड्यावर आला होता आणि तिच्या वडिलांच्या वृद्ध फुफींचा आग्रह होता की शेंडेनक्षत्र उगवले आहे, तारीख पुढे ढकलावी. मुलीचे वडील पाच वेळचे नमाजी. पण तेही गप्प होते. उगाच जोखीम कशाला, हा विचार त्यांच्या मनात शिरलेला दिसत होता.

आपल्या ईमानला तडा जातो तो बहुधा अशाच वाटेने. मूर्तीपुढे मस्तक टेकणारा मुसलमान आपणास सापडणार नाही. पण लाभ आणि हानी अल्लाहच्या हाती आहे असे मुखाने म्हणून, अंधारातल्या एका प्रकाशरेषेला तोच अधिकार देणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिरंजीव इब्राहीम (रजि.) अगदी लहानपणी मरण पावले. त्याच दिवशी मदीनेत सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या बालकाच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. दुसरा कोणी असता, तर त्याने हा मोठेपणा निदान मौनाने तरी स्वीकारला असता. परंतु पुत्रशोकाच्या त्या घडीलाही प्रेषितांनी (स.) लोकांची समजूत दुरुस्त केली: सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्ममृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. अशा वेळी नमाज आणि दुआ करण्यास त्यांनी सांगितले. जेथे पैगंबरांच्या पुत्रासाठी सूर्य झाकोळत नाही, तेथे आपल्या घरच्या निकाहसाठी धूमकेतू का उगवावा?

अरबांमध्ये शव्वाल महिना लग्नासाठी अशुभ मानीत. हजरत आयेशा (रजि.) आवर्जून सांगत असत की त्यांचा निकाह शव्वालमध्येच झाला आणि त्या सासरीही शव्वालमध्येच आल्या. फुफींना मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण चेहऱ्यावरची चिंता गेली नाही.

इतिहासातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. १५७७ साली एक मोठा धूमकेतू दिसला. इस्तंबूल येथे तकीयुद्दीन या विद्वान खगोलवेत्त्याची नवी वेधशाळा होती. तेथील उपकरणे त्या काळातील उत्तम उपकरणांपैकी होती. तकीयुद्दीनने सुलतान मुराद तिसरा याला सांगितले की हा धूमकेतू विजयाची शुभवार्ता आहे. पुढे शहरात प्लेग पसरला, विरोधकांना बळ मिळाले आणि १५८० मध्ये सुलतानाच्या आज्ञेने वेधशाळा पाडण्यात आली. त्यामागे दरबारातील हेवेदावेही होतेच. तोच धूमकेतू डेन्मार्कमध्ये टायको ब्राहेने पाहिला. शकुनाची भाषा त्यानेही केली. पण त्याने मोजमापही केले आणि धूमकेतू चंद्राच्याही पलीकडे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. शकुन विरून गेले, मोजमाप टिकले. चिंतन करण्याची कुरआनची आज्ञा ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्या हातून हे निसटावे, याची मला आजही खंत वाटते.

आमचा धूमकेतू म्हणजे त्सुचिनशान-अ‍ॅटलास. चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील दुर्बिणींना तो २०२३ साली सापडला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला. बर्फ आणि धूळ यांचा तो गोळा. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ उडते आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला शेपूट पसरते.

सांगण्यास संकोच वाटतो, पण पहिल्या संध्याकाळी भाट्येच्या किनाऱ्यावर कॅमेरा लावताना मी मगरिबची नमाज लांबवली. हाती काय लागले? नुसता तांबूस संधिप्रकाश. सूर्यास्तानंतर अर्धा तास तरी त्या उजेडात धूमकेतू दिसतच नाही! म्हणजे नमाज वेळेवर अदा करून निवांतपणे येता आले असते. दुसऱ्या दिवशी तसेच केले. तिपाईवर कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, ५ सेकंदांचे एक्स्पोजर. वेळ याहून फार वाढवली, तर पृथ्वीच्या फिरण्याने तारे रेघांसारखे उमटतात. शुक्राच्या उजवीकडे, स्वातीच्या बाजूला डोळ्यांना जेमतेम एक पुसट डाग जाणवत होता. पडद्यावर मात्र लांब शुभ्र पिसारा उमटला. चंद्र पौर्णिमेकडे चालला होता, म्हणून उशीर करून चालण्यासारखे नव्हते.

त्या दिवशी फुफींनाही सोबत आणले होते. ओढणी सावरीत त्या पडद्यावर वाकल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच “सुब्हानल्लाह” म्हणाल्या आणि विचारले, “हा परत कधी येणार?”

“आला तर हजारो वर्षांनी. कदाचित कधीच नाही.”

“आणि एवढ्या लांबून तो आमच्या घरची तारीख बघायला आला होय?” स्वतःशीच हसत त्या म्हणाल्या.

परतताना रिक्षात त्यांनी धूमकेतूचा विषय काढला नाही. वलीम्याला माणसे किती आणि तांदूळ किती लागेल, याचाच हिशेब घर येईपर्यंत चालला होता.