टेकू काढण्याची घाई

चि. छोटीस,


तुझं पत्र मिळालं. सियालदहच्या गल्लीत माल टाकायला जागा नाही, म्हणून विटा-वाळू थेट कोवळ्या स्लॅबवर चढतात आणि सातव्या दिवशी टेकूही काढायला निघतात, हे वाचून लगेच लिहायला बसलो. काँक्रीटच्या क्यूबच्या ताकदीचा रिझल्ट चांगला आला, मग अडतंय कुठे, असं तुला साइटवर विचारतात.

क्यूब सांगतो तो स्लॅब आज मोडेल की नाही, एवढंच. पण भार कायम राहिला की काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहतं. हाच क्रीप. तो किती होणार, हे पहिला भार कोणत्या वयात आला यावर फार अवलंबून असतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये क्रीपचा गुणांक सातव्या दिवशी २.२, अठ्ठाविसाव्या दिवशी १.६ आणि वर्षाने १.१ दिला आहे. म्हणजे सातव्या दिवशी भार येताच काँक्रीट जेवढं दबतं, त्याच्या दुपटीहून जास्त ते पुढे दबणार. फ्रान्समध्ये फ्रेसिने या इंजिनिअरने ल व्हर्द्रचा कमानींचा पूल १९११ च्या सुमारास पुरा केला, तर काही महिन्यांत कमानी याच क्रीपने खचू लागल्या. त्याने जॅक लावून त्या पुन्हा उचलल्या, म्हणून पूल वाचला.

टेकू घाईने काढले तरी स्लॅब पडत नाही, हीच अडचण आहे. दोन वर्षांनी पार्टिशनच्या भिंतीत तिरकी चीर जाते, दार चौकटीत घासू लागतं, सुतार रंधा मारून जातो. सातव्या दिवशीच्या टेकूंची आठवण तेव्हा कुणाला होते?

साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा, हा त्याच कोडमधला तक्ता साइटवर सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या वरचं वाक्य मात्र कुणी वाचत नाही. ही मुदत साध्या पोर्टलंड सिमेंटला, नीट पाणी मारलेलं असताना आणि हवा १५ अंशांखाली जात नसताना लागू आहे. तुझ्याकडच्या गोण्या फ्लायॲशवाल्या पीपीसी सिमेंटच्या, आणि कोलकात्यात जानेवारीच्या रात्री पारा १५ च्या खाली उतरतो. तेव्हा तुझे सात दिवस हे सात दिवस नव्हेतच.

शिवाय वरचा स्लॅब भरताना त्याचं वजन टेकूंतून खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतं. म्हणून खालच्या मजल्याचे टेकूही राहू देत. प्रत्येक स्लॅबवर भरल्याची तारीख रंगाने लिहून घे, विटांचा ढीग आजच उतरव, आणि कुणी घाई केली तर कोडचं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
मामा