कात टाकल्यावर

आजचं चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक २२. देह म्हणजे वस्त्र, हा दृष्टान्त आपल्याला पाठच आहे.

माझ्या घरच्या टाकीत चेरी श्रिम्प आहेत. गोड्या पाण्यातली, पेराएवढी लाल कोळंबी. वाढताना ती कात टाकते. तळाशी पडलेलं पारदर्शक कवच बघून नवखा माणूस म्हणतो, "गेली!" ती गेलेली नसते. मऊ अंगाने शेवाळात लपलेली असते, नवं कवच कडक होईपर्यंत. आणि मादीची वीण याच नाजूक वेळी सुरू होते. मग तीन-चार आठवडे ती पोटाखाली अंडी धरून, पायांनी त्यांच्यावर पाणी खेळवत राहते.

बाबा गेले तेव्हा लोक मला हाच श्लोक ऐकवायचे. "आत्मा अमर आहे, रडू नकोस." श्लोक खराच आहे. पण जाणाऱ्याने वस्त्र बदललं, तरी मागे राहिलेल्याचं कवचही निघालेलं असतं ना! त्याला आधी आडोसा हवा. भगवंतांनीसुद्धा अर्जुनाला एका श्लोकात उभं केलं नाही. अठरा अध्याय त्याच्याजवळ थांबले.

आज असं कुणी भेटलं, तर श्लोक मनात ठेवूया आणि नुसतं शेजारी बसूया. नवी वीण आडोशातच सुरू होते.

जय हरी!