शिसारी

गेल्या दिवाळीत सिंगापूरहून आलेल्या आमच्या चिरंजीवांनी चकल्या-अनारशांना कंटाळून जाहीर केले, "बाबा, उद्या मी तुम्हांला चा सिउ करून घालतो." नावावरून मला ते एखादे पेय वाटले. निघाले डुकराचे मांस! खांद्याकडच्या मांसाच्या लांब पट्ट्या सोया सॉस, मध, साखर आणि पाच मसाल्यांच्या पुडीत रात्रभर मुरवायच्या आणि वरून मध चोपडत विस्तवावर भाजायच्या. कँटनकडच्या बोलीत नावाचा अर्थ 'काट्याला टोचून भाजलेले' एवढाच.

आमच्या घरी मटण शिजते. पण हे? मी तत्काळ म्हणालो, "अरे, भिंतीला भिंत लागून खाला राहतात. त्यांना काय वाटेल?" बोललो आणि मला माझेच कौतुक वाटले. तुराबुल हकच्या उरुसाला हिंदू-मुसलमान बरोबरीने लोटतात, त्या परभणीचा मी. शेजाऱ्याचे मन मी नाही जपायचे तर कोणी?

चिरंजीव थेट खालांकडेच गेले. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात तुम्ही काय शिजवता ते आम्ही कोण विचारणार, बेटा? फक्त त्या भांड्यातून आमच्याकडे काही पाठवू नका, म्हणजे झाले."

झाले! माझी ढालच गेली. आता उरली ती निव्वळ शिसारी, आणि तिला खालांच्या धर्माचे पांघरूण घालता येईना. खाला जे पाळतात तो त्यांचा नियम; तो त्यांच्या ताटापाशी संपतो. माझी शिसारी ताटापाशी थांबत नाही. ती खाणाऱ्यापर्यंत जाते. डुक्कर घाण खाते म्हणावे, तर उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीचे अंडे मी रोज खातो. त्या मांसात जंत असतात हे खरे. पण त्यावर उपाय मांस नीट शिजवणे हा आहे, तोंड फिरवणे हा नव्हे.

शाळेत माझ्या बाकावर वडारांचा एक मुलगा बसे. त्याच्या घरी डुकरे होती. त्याने फडके सोडले की मी माझी भाकरी उचलून दुसरीकडे जाई. त्याला वावगे असे मी कधी बोललो नाही. नुसता उठत असे. पुढे तो भाकरी आणीनासा झाला. त्याचीच आई आमच्या पाट्याला टाकी लावून जाई, आणि त्या पाट्यावर वाटलेली चटणी मात्र मी मिटक्या मारीत खाई.

बुद्धाचे शेवटचे भोजन चुंद लोहाराच्या घरचे. त्यातले 'सूकरमद्दव' म्हणजे काय, यावर पंडितांचा वाद आहे. कोणी ती वनस्पती म्हणतात. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात ते डुकराचे मांसच, असे सरळ लिहिले आणि त्यापायी रोषही ओढवून घेतला. मला त्या कथेतले वेगळेच आठवत राहते. मरणाच्या दारातला तो माणूस आनंदाला सांगतो, की चुंदाला पश्चात्ताप होऊ देऊ नका. त्याचे अन्न पुण्याचे होते. मी ज्याच्या शेजारून उठून जात होतो, त्याच्या मनाचा विचार मला साठीत आला.

असो. चिनी पुडीतले बाद्यान, दालचिनी, लवंग हे तर आमच्या काळ्या मसाल्यातलेच निघाले. चिरंजीवांनी ते त्याच जुन्या पाट्यावर वाटले आणि मागच्या अंगणात शेगडी पेटवली. मी दोन तुकडे खाल्ले. कडेचा करपलेला गोड भाग चांगला लागला. तिसरा मागून घेतला.

एक सांगायचे राहिले. मांस आणायला आदल्या दिवशी वस्तीवर मी गेलो होतो. तोलणाऱ्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही खाता?"

"छे छे," मी म्हणालो, "पाहुण्यासाठी."

त्याने पुडके बांधले. माझ्या हातात न देता शेजारच्या दगडावर ठेवले, आणि मी ते तिथून उचलले.